समुपदेशन म्हणजे समजूत काढणं नव्हे! जुन्या छळाच्या जखमेवर इलाज करणारा माणूस तालुक्यातून कसा शोधायचा?

सातारा : ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ असं म्हणून घरातला विषय संपतो. ज्याच्यावर गुदरलं त्याचा मात्र संपत नाही. लहानपणी जवळच्याच माणसाने केलेला लैंगिक छळ, लग्नानंतर वर्षानुवर्षं खाल्लेला मार, दारुड्या बापाच्या धाकात गेलेलं बालपण... वीस-वीस वर्षं उलटतात, तरी रात्री दार वाजलं की छातीत धस्स होतं. ‘कोणाला तरी दाखव’ असा सल्ला देणारे आता गावातही भेटतात. पण दाखवायचं कोणाला? माण-खटावच्या वाडीवरून किंवा पाटण-जावळीच्या खोऱ्यातून निघालेल्या माणसाला या प्रश्नाचं सरळ उत्तर कोणी देत नाही. चुकीच्या माणसापुढे एकदा तोंड उघडलं, तर पुन्हा कधीच बोलायचं नाही असं ठरवून तो परत येतो. म्हणून योग्य माणूस कसा ओळखायचा, त्याच्यापर्यंत कसं पोचायचं आणि आपले हक्क काय, याची ही माहिती.

हा त्रास किती जणांना?

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये देशातल्या बालछळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२ हजारांहून जास्त मुलांशी त्यात बोलणं झालं होतं. निम्म्याहून थोड्या अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं. त्यात मुलगे आणि मुली दोघेही होते. छळ करणाऱ्यांत ओळखीचे, विश्वासातले लोक मोठ्या संख्येने होते.

मोठेपणी होणाऱ्या छळाचं चित्रही फार वेगळं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात लग्न झालेल्या साधारण चार बायकांपैकी एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसली आहे. देशभरात अशी हिंसा सोसलेल्या चारपैकी तीन जणींनी ना कोणाची मदत घेतली, ना कोणाला सांगितलं. म्हणजे ‘आपल्यालाच हे झालं’ असं वाटणाऱ्या माणसाच्या शेजारच्या दोन-चार घरांतही तेच वाटणारं कोणीतरी असतं. बोलत कोणीच नाही.

दुखणं मनाचं, पण दिसतं अंगावर

अशी माणसं दवाखान्यात ‘माझा छळ झाला’ असं सांगत येत नाहीत. डोकं दुखतं, अंग दुखतं, झोप लागत नाही, छाती धडधडते, पोटात गोळा येतो, अशा तक्रारी घेऊन येतात. सलाईन लागतं, ताकदीचं इंजेक्शन होतं, तपासण्या नॉर्मल येतात आणि दुखणं तसंच राहतं.

खालच्या गोष्टी महिनोन्‌महिने चालू असतील आणि मागे छळाचा इतिहास असेल, तर मनाच्या डॉक्टरांना दाखवायला हवं :

- तीच घटना पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, तीच तीच स्वप्नं पडणं
- एखादा वास, आवाज किंवा विशिष्ट माणूस दिसला की अंगाला कापरं भरणं
- ती जागा, ते नातेवाईक, तो विषय टाळत राहणं
- सतत सावध असणं, जराशा आवाजाने दचकणं, झोप न लागणं
- एकदम संताप येणं किंवा उलट काहीच न वाटणं, ‘आतून दगड झाल्यासारखं’ होणं
- सगळी चूक आपलीच होती असं वाटत राहणं
- त्रास विसरण्यासाठी दारू, तंबाखू किंवा झोपेच्या गोळ्या वाढणं

वारंवार दातखीळ बसणं किंवा झटके येणं यामागेही कधी कधी जुना मानसिक आघात असतो. मात्र ते मिरगीचे झटके नाहीत ना, याची खात्री आधी डॉक्टरांकडून करून घ्यावी. हे नाटक नसतं. ‘सोंग करते’ म्हणून कांदा हुंगवणं किंवा थोबाडीत मारणं हा त्यावर उपाय नाही.

‘समुपदेशन’ या शब्दाचा घोळ

ग्रामीण भागात खरी अडचण इथून सुरू होते. आपल्याकडे समुपदेशन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे येते ती नवरा-बायकोला समोरासमोर बसवून घातलेली समजूत. ‘पोरांकडे बघ’, ‘एवढ्यावेळी सोडून दे’, ‘संसार म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच.’ गावातली बैठक हेच करते. तडजोडीसाठी बसलेले समुपदेशकही पुष्कळदा हेच करतात. त्यांचं काम वाद मिटवणं असतं. ज्याला जखम झाली त्याला बरं करणं हे त्यांचं काम नसतं.

मानसोपचार ही वेगळी गोष्ट आहे. तिथे दोन बाजू नसतात. समोरचा माणूस हाच पेशंट आणि त्याला बरं वाटणं हेच काम. तो तज्ज्ञ ‘माफ करून टाक’ म्हणत नाही, ‘केस कर’ म्हणूनही मागे लागत नाही. छळ करणाऱ्याला शेजारी आणून बसवत नाही. म्हणून कोणत्याही केंद्राची पायरी चढण्याआधी एक प्रश्न मनात स्पष्ट हवा : आपल्याला वाद मिटवायचा आहे, कायद्याची मदत हवी आहे, की आतली जखम बरी करायची आहे? तिन्ही कामांची दारं वेगळी आहेत.

पोलिसांशी जोडलेलं सगळंच समुपदेशन तडजोडीचं असतं, असंही नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत ‘महिला व बालकांसाठी विशेष कक्ष’ सुरू केला. पुढे तो राज्याच्या इतर जिल्ह्यांतही गेला. तिथले प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ते पीडित बाईची बाजू धरून काम करतात. पण तेही जिथे लांबचा मानसिक उपचार लागतो, तिथे तज्ज्ञाकडेच पाठवतात.

पाटीवर काय लिहिलंय, ते वाचा

मनावर उपचार करणारे लोक एकाच प्रकारचे नसतात.

मानसोपचारतज्ज्ञ (सायकियाट्रिस्ट) : हे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्रातलं एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेले डॉक्टर. औषध लिहून देण्याचा अधिकार यांना असतो. झोप पूर्ण उडाली असेल, जीव द्यावासा वाटत असेल, कामधंदा बंद पडला असेल, तर आधी यांच्याकडे जावं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट : हे औषध देत नाहीत, बोलण्यातून उपचार करतात. मानसशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीनंतर क्लिनिकल सायकॉलॉजीचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी लागते. तो नोंदणी क्रमांक मागायला लाजू नये. परिषदेच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो.

सायकियाट्रिक सोशल वर्कर : हे समाजकार्याचं शिक्षण घेऊन मानसिक आरोग्यात काम करणारे. घरची परिस्थिती, सरकारी योजना आणि कायदेशीर मदत यांची सांगड तेच घालून देतात. जिल्हा रुग्णालयाच्या पथकात हे पद असतं.

समुपदेशक : ही पाटी कोणीही लावू शकतं, अशी आजची स्थिती आहे. मानसशास्त्रात एमए करून चांगलं काम करणारे पुष्कळ आहेत, तसे आठ दिवसांचं शिबिर करून बसलेलेही आहेत. म्हणून शिक्षण कुठे झालं आणि छळातून गेलेल्या लोकांसोबत किती काम केलंय, हे सरळ विचारावं.

सुरुवात कुठून करायची?

१. फोनवरून. घराबाहेर पडणंच अवघड असेल, तर टेलिमानस हा केंद्र सरकारचा १४४१६ हा नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे. ती चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज पडली तर पुढे तज्ज्ञाशी जोडून देतो आणि जवळच्या सरकारी सेवेची माहितीही देतो. कोयना खोऱ्यात किंवा डोंगरकपारीत रेंजची बोंब असते. तिथे व्हिडिओचा नाद सोडून साध्या कॉलवर बोलणं बरं. फोन घरात सगळ्यांच्या हातात फिरत असेल, तर बोलून झाल्यावर कॉलची नोंद काढून टाकावी.

२. गावातून. आशाताई, उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर चिठ्ठी देऊ शकतात. चिठ्ठीसाठी सगळी कहाणी सांगायची गरज नाही. ‘झोप लागत नाही, मन ठिकाणावर नाही, मनाच्या डॉक्टरांना दाखवायचंय,’ एवढं बास. आशाताई भावकीतलीच असेल आणि बोलायला संकोच वाटत असेल, तर तिला वगळून थेट दवाखाना गाठता येतो. चिठ्ठी नाही म्हणून मनाच्या ओपीडीत परत पाठवता येत नाही.

३. तालुका आणि जिल्ह्यातून. देशात १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालतो. त्यात जिल्हा रुग्णालयातल्या ओपीडीसोबत पथकाने ग्रामीण भागात जाऊन पेशंट तपासण्याची तरतूद आहे. आपल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात हे पथक कोणत्या दिवशी येतं, हे तिथल्या केसपेपर खिडकीवर विचारून घ्यावं. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे. कराडकडच्या लोकांना कृष्णा हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग जवळ पडतो.

दहिवडी-म्हसवडकडून साताऱ्याला जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडतो, रोजगार बुडतो. त्यामुळे निघण्याआधी फोन करून तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, हे विचारून घेणं फायद्याचं. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत उपचार मोफत आहेत. महिन्यातून दोन वेळा जायचं म्हटलं तर हा हिशेब महत्त्वाचा ठरतो.

४. मुलामुलींसाठी. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ असतात. शाळा-कॉलेजातल्या पोरीला आईसोबत तिथे जाता येतं. ‘वयात आलेल्या मुलांचा दवाखाना’ म्हटलं की घरात फारसे प्रश्नही होत नाहीत.

५. मुंबई-पुण्यातल्या आपल्या माणसांसाठी. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतलं एक माणूस मुंबईत माथाडी किंवा नोकरीला आहे. मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांत ‘दिलासा’ ही हिंसाग्रस्त महिलांसाठीची केंद्रं आहेत. ‘सेहत’ ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातून ती सुरू केली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे. बहिणीकडे किंवा मुलाकडे काही दिवस राहून तिथे उपचार सुरू करणं आणि पुढे फोनवरून चालू ठेवणं, हा मार्ग गावातली नजर चुकवायची असणाऱ्यांना सोयीचा पडतो.

खासगी तज्ज्ञाकडे जायचं असेल तर फी, एका भेटीचा वेळ आणि मध्ये फोनवर भेट होते का, या तीन गोष्टी आधीच विचाराव्यात. परवडत नसेल तर तसं स्पष्ट सांगावं. काही जण फी कमी करतात किंवा सरकारी ठिकाणी पाठवतात.

पहिल्या दिवशी सगळं सांगायचं नसतं

लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते याला. ‘तिथे जाऊन सगळं सांगावं लागेल.’ तसं नाही. छळातून गेलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत सगळं ओकायला लावणं हे चांगल्या उपचाराचं लक्षण नाही.

सरकारी ओपीडीत गर्दी असते, दारात रांग असते, आत दोन-तीन लोक असतात. तिथे तोंडातून शब्द फुटत नाही. अशा वेळी घरूनच एक चिठ्ठी लिहून न्यावी :

‘मला पूर्वी जवळच्या माणसाकडून त्रास झाला आहे. आज तपशील सांगायचा नाही. झोप लागत नाही, भीती वाटते. मला एकटीशी बोलायला वेळ द्या.’

ही चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात दिली तरी काम होतं. सोबत आलेला नवरा, सासू किंवा भाऊ आत येत असेल, तर ‘पेशंटशी एकट्याने बोलायचंय’ असं डॉक्टरांनी सांगावं, अशी विनंती चिठ्ठीतच करता येते. बाईंना बाईच डॉक्टर हवी असेल तर तसं विचारावं. दरवेळी मिळेलच असं नाही, पण नर्सला खोलीत थांबवण्याची मागणी नक्की करता येते.

हे प्रश्न विचारा

डॉक्टरला प्रश्न विचारायची आपल्याला सवय नसते. ‘ते काय म्हणतील?’ असं वाटतं. पण चांगला तज्ज्ञ अशा प्रश्नांनी चिडत नाही. उलट उत्तर कसं देतो त्यावरूनच त्याची पारख होते.

- तुमचं शिक्षण काय, नोंदणी कुठे आहे?
- छळ सोसलेल्या लोकांवर तुम्ही उपचार केले आहेत का? कोणत्या पद्धतीने?
- मी सांगितलेलं कोणाकोणाला कळेल? कागदावर काय लिहिणार?
- माझ्या घरच्यांनी विचारलं तर तुम्ही काय सांगाल?
- किती भेटी लागतील? बरं वाटतंय की नाही हे कसं ठरवायचं?
- मध्येच त्रास वाढला तर कोणाला फोन करायचा?

इथून मात्र उठून यावं

- ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ ‘तुझंही काही चुकलं असेल,’ असं म्हणणारा
- छळ करणाऱ्याला माफ करण्याचा किंवा त्याच्याकडे परत जाण्याचा आग्रह धरणारा
- तपशील चघळत बसणारा, नको म्हटलं तरी खोदून विचारणारा
- उपचाराच्या नावाखाली अंगाला हात लावणारा, दवाखान्याबाहेर भेटायला बोलावणारा
- ‘तीन बैठकींत बरं करतो’ अशी हमी देणारा
- संमोहनाने ‘दडलेल्या आठवणी बाहेर काढतो’ म्हणणारा. अशा प्रकारात खोट्या आठवणी तयार होण्याचा धोका असतो
- एकाची गोष्ट दुसऱ्याला नाव घेऊन सांगणारा. तो आपलीही सांगणार

यातलं काही नसलं, तरी दोन-तीन भेटींत मन मोकळं होत नसेल, तर माणूस बदलता येतो. त्यात अपमान कोणाचाच नाही. चपलेचा नंबर जुळला नाही तर आपण पाय कापत नाही, चप्पल बदलतो.

‘येरवड्याला पाठवतील’ ही भीती

सातारा-पुणे पट्ट्यात मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की ‘येरवड्याला पाठवतात’ ही जुनी धास्ती आहे. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय हे त्याचं कारण. पण ओपीडीत दाखवणं आणि भरती होणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. तो काय सांगतो, हे घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं :

- सरकारी किंवा सरकारी खर्चाने चालणाऱ्या ठिकाणी मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे (कलम १८).
- पेशंटची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे (कलम २३). जिवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता, न्यायालयाचा आदेश अशा मोजक्याच कारणांसाठी ती सांगता येते.
- आपल्या उपचाराचे कागद पाहण्याचा हक्क आहे (कलम २५).
- सज्ञान माणसाला मनाविरुद्ध भरती करण्यावर कडक अटी आहेत. नवऱ्याने किंवा भावाने ‘हिला ठेवून घ्या’ म्हटलं, एवढ्याने कोणाला ठेवून घेता येत नाही.

याच कायद्यातली एक तरतूद फारशी कोणाला माहीत नाही, पण बायकांच्या फार उपयोगाची आहे. सज्ञान माणूस साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ ठरवू शकतो (कलम १४). उद्या आजार वाढला तर उपचाराच्या निर्णयात मदत कोणी करायची, हे आपणच ठरवायचं. छळ नवऱ्यानेच केला असेल तर बहीण, आई किंवा विश्वासातली मैत्रीण यांचं नाव लिहिता येतं. हा कागद आधीच करून डॉक्टरांकडे एक प्रत द्यावी.

गुप्ततेला एक मोठा अपवाद मात्र आहे. पीडित १८ वर्षांच्या आतलं असेल तर लैंगिक छळाची माहिती पोलिसांना देणं पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे. त्यात डॉक्टर आणि समुपदेशकही आले. मोठ्या माणसाने लहानपणी झालेला छळ सांगायचा असेल, किंवा तोच माणूस आज दुसऱ्या मुलांच्या जवळ वावरत असेल, तर तपशील आणि नाव सांगण्याआधी ‘तुम्हाला कोणती गोष्ट पुढे कळवावी लागेल?’ हे विचारून घ्यावं. आणि घरातलं लहान मूल आज धोक्यात असेल, तर त्याची सुरक्षा सगळ्यात आधी.

उपचारात नेमकं होतं काय?

‘नुसतं बोलून काय होणार?’ हा प्रश्न हमखास येतो. हे बोलणं पारावरच्या गप्पांसारखं नसतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये अशा उपचाराचे तीन टप्पे मांडले. आजही जगभर बरेच तज्ज्ञ साधारण त्याच वाटेने जातात.

पहिला टप्पा सुरक्षिततेचा. झोप, खाणं, भीतीचा झटका आला की श्वास कसा सावरायचा, पाय जमिनीवर टेकवून ‘मी आत्ता इथे आहे’ हे मनाला कसं सांगायचं, हे शिकवलं जातं. छळ अजून चालू असेल तर तो थांबवण्याचा विचार इथेच होतो. दुसऱ्या टप्प्यात, माणूस तयार झाल्यावर आणि त्याच्या गतीने, त्या आठवणीला हात घातला जातो. जे गमावलं त्याचं दुःख करायलाही इथे जागा असते. तिसऱ्या टप्प्यात माणसांत परत मिसळणं, कामाला लागणं, नाती पुन्हा जोडणं येतं.

आघातावर केंद्रित सीबीटी म्हणजे विचार-वर्तन उपचार आणि ईएमडीआर या दोन पद्धतींचा जगभर अभ्यास झालेला आहे. ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून डोळ्यांची विशिष्ट हालचाल करवून घेतात. त्याचं वेगळं प्रशिक्षण असतं, ते झालंय का हे विचारावं. एकाच मोठ्या घटनेचा त्रास असेल तर काही महिन्यांत बराच फरक पडू शकतो. लहानपणापासून वर्षानुवर्षं छळ सोसला असेल तर जास्त काळ लागतो. मध्ये काही दिवस त्रास वाढल्यासारखा वाटतो. जुनी गाठ फोडली की ठणकतेच. पण ठणका सहन होईना, तर गती कमी करायला सांगणं हा पेशंटचा हक्क आहे.

औषधांनी आठवण पुसली जात नाही. झोप, उदासी आणि भीती आटोक्यात येते, मग बोलायला बळ येतं. गोळ्या सुरू झाल्या की दोन-चार आठवडे धीर धरावा लागतो. बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नयेत. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या घेणं तर अजिबात नको. सवय लागते आणि मूळ दुखणं तिथंच राहतं.

देवाला जावं, पण...

पुष्कळ घरांत आधी देवऋषी होतो, मग दवाखाना. देवाला जाण्याने मनाला आधार मिळत असेल तर त्याला कोणाचाच विरोध नाही. पण ‘बाहेरची बाधा आहे’ म्हणून मारहाण, साखळीने बांधणं, धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. या कायद्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचलं ते डॉ. नरेंद्र दाभोलकर याच साताऱ्याचे. आधीच मार खाल्लेल्या बाईला भूत उतरवण्यासाठी पुन्हा मारणं म्हणजे तोच छळ दुसऱ्या हाताने करणं.

पुरुषांनीही बोलावं

मुलग्यांचा छळ होतो हे गावात कोणी मान्यच करत नाही. ‘पोरगा असून रडतोस?’ इथेच विषय मिटतो. असा मुलगा मोठा झाल्यावर दारूत बुडतो, बायको-पोरांवर हात उचलतो किंवा कोणाला जवळच येऊ देत नाही. १४४१६ आणि जिल्हा रुग्णालयाची ओपीडी पुरुषांसाठीही तेवढीच आहे. व्यसन आणि जुना आघात दोन्ही असतील, तर दोन्हींवर उपचार हवा. नुसती दारू सोडवली तर जुनं दुखणं पुन्हा डोकं वर काढतं.

घरच्यांनी काय करावं?

कोणी विश्वासाने सांगितलं तर तीन वाक्यं पुरतात : ‘मला खरं वाटतंय. तुझी चूक नाही. तू म्हणशील तिथे मी सोबत येतो.’ ‘एवढी वर्षं का नाही बोललीस?’ हा प्रश्न नको. तिला विचारल्याशिवाय भावकीत, मंडळात किंवा तिच्या माहेरी-सासरी सांगू नये. लग्नकार्यात त्या माणसाच्या पाया पडायचा आग्रह करू नये. दवाखान्याच्या दिवशी लेकरं सांभाळणं, गुरांचं बघणं, एसटीपर्यंत सोडणं ही मदत शंभर उपदेशांपेक्षा मोठी असते.

छळ अजून चालू असेल तर

मग आधी सुरक्षा, उपचार नंतर. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे, त्यासाठी संरक्षण अधिकारी असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ वन स्टॉप सेंटर ही योजना २०१५ पासून आहे. तिथे तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत, समुपदेशन आणि वकील एका छताखाली मिळणं अपेक्षित आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी राज्याची ‘मनोधैर्य’ योजना २०१३ पासून आहे.

कागदावर लिहून ठेवा

- मानसिक त्रासासाठी : १४४१६ (टेलिमानस, चोवीस तास, मोफत)
- तातडीच्या धोक्यात : ११२
- महिलांसाठी : १८१
- मुलांसाठी : १०९८

जीव द्यावासा वाटत असेल, किंवा घरातलं कोणी तसं बोलत असेल, तर पुढच्या ओपीडीच्या दिवसाची वाट पाहू नये. त्याला एकटं सोडू नये, औषधं-फवारणीचे डबे हाताशी ठेवू नयेत आणि १४४१६ ला फोन करून जवळचं सरकारी रुग्णालय गाठावं.

बाकीच्यांनी या आठवड्यात एकच काम करावं. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात मनाचे डॉक्टर कोणत्या वारी येतात, हे विचारून कॅलेंडरवर त्या वाराला खूण करून ठेवावी. कारण कोणाला सांगायची गरज नाही.